व्हिडिओ कॉलवरून मधुमेहाची शिकवणी: ठाण्यातील नव्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

मधुमेहाचे निदान झाले की घरातल्या गोंधळाची सुरुवात बहुधा प्रयोगशाळेच्या एका कागदापासून होते. उपाशीपोटीची साखर १२६ च्या पुढे आणि एचबीएवनसी, म्हणजे साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.५ टक्क्यांच्या पुढे गेलेली असते. डॉक्टरांनी गोळी लिहून दिलेली असते आणि ‘पथ्य पाळा, चालायला लागा’ एवढे सांगून महिन्याभराने बोलावलेले असते. दवाखान्यात बसलेल्या माणसाला त्या वेळी काही विचारायचे सुचत नाही. प्रश्न सुरू होतात ते घरी पोहोचल्यावर: भात सोडायचा का, सकाळची गोळी चहाच्या आधी घ्यायची की नाश्त्यानंतर, शनिवारचा उपवास असतो त्याचे काय करायचे. एवढ्यासाठी घोडबंदर रस्त्यावरून नौपाड्यातल्या दवाखान्यात जायचे म्हणजे अर्धा दिवस जातो, म्हणून प्रश्न मनातच राहतात आणि त्यांची उत्तरे शेजारी, नातेवाईक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप देतात.

ही पोकळी भरून काढण्यासाठी टेलिमेडिसिनचा, म्हणजे फोन, व्हिडिओ आणि संदेश यांद्वारे होणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याचा, चांगला उपयोग होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज मांडला गेला. एवढ्या रुग्णांना प्रत्यक्ष भेटीत सावकाश शिकवण्याइतका वेळ कोणत्याही डॉक्टरकडे नाही. मात्र कॉल लावला म्हणजे शिक्षण झाले असेही नाही. ठाण्यातल्या काही मधुमेही कुटुंबांना या कामात मदत करताना माझे एक मत पक्के झाले आहे: मोबाइलचा कॅमेरा चेहऱ्याकडे कमी आणि ताट, बोट, सुई व पाय यांच्याकडे जास्त वळवावा. तोंडी सांगण्यात लपलेली चूक कॅमेऱ्यासमोर करून दाखवताना बाहेर येते. पुढील पायऱ्या याच पद्धतीने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: डॉक्टर ठरवणे आणि एकदा प्रत्यक्ष भेटणे

मधुमेहाची सुरुवात व्हिडिओवर करू नये. वजन, रक्तदाब, पायांतील संवेदना, डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या यांची पहिली नोंद प्रत्यक्ष भेटीतच नीट होते आणि पुढचे सगळे कॉल त्या नोंदीच्या आधारावर चालतात. दूरस्थ सल्ल्याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी जाहीर झाली. त्यांतील काही बाबी रुग्णाला ठाऊक असाव्यात. सल्ला नोंदणीकृत डॉक्टरच देऊ शकतात आणि त्यांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असावा लागतो. एखाद्या यंत्रणेने किंवा अ‍ॅपने स्वतःच्या जोरावर औषध लिहून देण्याला परवानगी नाही. त्याच डॉक्टरांना त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत भेटलेले असाल, तर पुढील कॉल हा पाठपुरावा मानला जातो. त्याहून अधिक काळ लोटला किंवा डॉक्टर बदलले, तर तो पुन्हा पहिला सल्ला ठरतो. मेटफॉर्मिनसारखी आधीपासून चालू असलेली गोळी पुढे चालू ठेवण्यासाठी कॉल पुरेसा असतो, मात्र डॉक्टरांना प्रत्यक्ष तपासणी आवश्यक वाटली तर ते बोलावू शकतात आणि त्यावर हुज्जत घालू नये. शुल्क घेतले असेल तर त्याची पावती मागावी.

खासगी डॉक्टर परवडत नसतील, तर केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही विनामूल्य सेवा आहे. मोबाइल क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीने नोंदणी करावी, रांगेत थांबावे, डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलावे आणि शेवटी मिळणारी चिठ्ठी मोबाइलमध्ये जपून ठेवावी. तिची एक अडचण अशी की दर वेळी तेच डॉक्टर मिळतील याची खात्री नसते. म्हणून आधीच्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे फोटो एकाच ठिकाणी, तारखांसह ठेवणे तिथे अधिकच महत्त्वाचे आहे. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा जवळच्या ‘आपला दवाखान्या’त एकदा प्रत्यक्ष तपासणी करून घेऊन मधल्या शंकांसाठी ई-संजीवनी वापरणे, ही जोडी अनेकांना सोयीची पडते.

दुसरी पायरी: घरातली तयारी

ग्लुकोमीटर, त्याच कंपनीच्या पट्ट्या, वजनकाटा, शक्य असल्यास दंडावर बांधायचे रक्तदाबाचे यंत्र आणि एक साधी वही एवढे पुरते. मोबाइल हातात धरून बोलू नये, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला तरी काम भागते. प्रकाश समोरून यावा, खिडकी पाठीमागे नसावी. वयस्क आई-वडिलांसाठी मुलगा किंवा मुलगी कॉल जोडून देत असेल, तर जोडून झाल्यावर त्यांनी थोडे बाजूला बसावे. डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला मुलगाच उत्तर देत असेल, तर शिकवणी मुलाची होते आणि गोळ्या बाबा घेतात.

तिसरी पायरी: साखर मोजायला कॅमेऱ्यासमोर शिकणे

पहिल्या किंवा दुसऱ्या कॉलमध्ये डॉक्टर किंवा मधुमेह शिक्षक, म्हणजे मोजणी, आहार आणि इंजेक्शन शिकवणारी प्रशिक्षित व्यक्ती, पाहत असताना एकदा साखर मोजून दाखवावी. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचावे, म्हणजे दुखणे कमी होते. थेंब पिळून काढू नये. पट्टीची डबी लगेच बंद करावी, कारण आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, उघड्या राहिलेल्या पट्ट्या खराब होतात. डबीवरची मुदत पाहावी आणि डबी उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावर लिहून ठेवावी.

हात धुण्याची सूचना किरकोळ वाटते, म्हणून तिच्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. आंब्याच्या दिवसांत लोकमान्य नगरातल्या एका काकांचा आकडा २९० आला आणि त्यांनी घाबरून कॉल केला. बोलण्यात निघाले की नुकतेच त्यांनी नातवाला आंबा कापून दिला होता. हात धुऊन पुन्हा मोजले तेव्हा १४८ आले. फळाचा रस बोटावर राहिला की यंत्र तीही साखर मोजते. अशा आकड्यावर कोणी गोळी वाढवली असती, तर पुढची पंचाईत वेगळीच झाली असती. याशिवाय यंत्राच्या स्वभावाची एक गोष्ट समजून घ्यावी: मान्य मानकांप्रमाणेही शंभरच्या वरचा आकडा पंधरा टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे असू शकतो. म्हणून १५२ आणि १६० या दोन आकड्यांत फरक शोधत बसण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी: वही, आणि केव्हा मोजायचे

रोज सकाळी उपाशीपोटी साखर मोजून तोच आकडा डॉक्टरांना पाठवत राहणे हा नव्या रुग्णांचा आवडता उद्योग आहे. त्यातून शिकायला फारसे मिळत नाही. त्याऐवजी जोडीने मोजावे: जेवणापूर्वी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. आज नाश्त्याची जोडी, दोन दिवसांनी दुपारच्या जेवणाची, नंतर रात्रीची, अशी पाळी लावावी, म्हणजे पट्ट्याही कमी लागतात. आकड्याशेजारी काय आणि किती खाल्ले, चालणे झाले का, गोळी वेळेवर घेतली का, झोप कशी झाली हे चार शब्दांत लिहावे. बहुतेक प्रौढांसाठी जेवणापूर्वी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे सर्वसाधारण लक्ष्य असते. वयस्क माणसे, गर्भवती स्त्रिया आणि हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण यांची लक्ष्ये वेगळी असतात. आपले लक्ष्य डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे.

कॉलच्या आदल्या संध्याकाळी त्या पानांचे सरळ, स्पष्ट फोटो पाठवावेत. आकडे सुटे सुटे, दिवसातून चार वेळा पाठवले तर ते इतर संदेशांत हरवतात आणि डॉक्टरांना त्यांतून क्रम लागत नाही. एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांच्या सरासरीची खूण आहे. वहीतले आकडे आणि ती सरासरी यांचा मेळ बसत नसेल तर ते आवर्जून सांगावे. यंत्र, मोजण्याची वेळ किंवा रक्तक्षय यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते. लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन घटलेल्या स्त्रियांमध्ये ही सरासरी फसवी येऊ शकते.

दंडावर लावायच्या, साखर सतत मोजत राहणाऱ्या सेन्सरची जाहिरात हल्ली सगळीकडे दिसते. इन्सुलिन घेणाऱ्यांना, विशेषतः टाइप-१ च्या (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा मधुमेहाच्या) मुलांना, तो फार उपयोगी आहे. केवळ गोळीवर असलेल्या नव्या रुग्णाने आधी वहीची सवय लावावी, असे माझे मत आहे.

पाचवी पायरी: ताट दाखवणे

आहाराबद्दलच्या संभाषणात सर्वांत जास्त दिशाभूल कोणता शब्द करत असेल, तर तो ‘वाटी’. कळव्याच्या एका काकू प्रत्येक कॉलला सांगत की दुपारी एकच वाटी भात घेते, आणि जेवणानंतरची साखर मात्र दर वेळी अडीचशेच्या घरात असे. गोळी वाढवण्याचा विचार सुरू झाला होता. एके दिवशी जेवणाच्या वेळी कॉल करून त्यांना मोबाइल ओट्यावर ठेवायला सांगितले, तेव्हा दिसले की त्यांच्या घरी वाटी म्हणजे कालवणाचा खोलगट वाडगा होता आणि भात त्यात दाबून भरला जात होता. मापाच्या भांड्याने पाणी ओतून पाहिले तर आमटीच्या नेहमीच्या वाटीच्या तो दुपटीहून मोठा निघाला. त्यात काकू खोटे बोलत नव्हत्या आणि डॉक्टरही चुकत नव्हते. दोघांची वाटी वेगळी होती, एवढेच.

म्हणून आठवडाभर रोज एका जेवणाच्या ताटाचा फोटो काढावा: वाढून झाल्यावर, खाण्यापूर्वी आणि वरून. शेजारी घरातली नेहमीची वाटी ठेवावी, म्हणजे प्रमाण कळते. अर्धे ताट भाज्या व कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडे किंवा मासे, आणि उरलेले पाव ताट भात किंवा पोळी-भाकरी, असा साधा हिशेब धरून शिक्षकाशी त्या फोटोंवर चर्चा करावी. भात हद्दपार करण्याची गरज बहुतेकांना नसते. भाताच्या जोडीला पोळी, बटाट्याची भाजी आणि वर आमरस असा सगळा पिष्टमय आणि गोड पदार्थांचा मेळावा एका ताटात भरू नये, इतके पाळले तरी आकडा खाली येतो. ज्वारी-बाजरीची भाकरी ‘मधुमेहाला चालते’ म्हणून चार खाणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

उपवासाचा विषय रुग्ण बहुधा स्वतःहून काढत नाहीत, कारण डॉक्टर रागावतील अशी भीती असते. तो काढावाच. साबुदाणा जवळजवळ सगळा पिष्टमय असतो, त्यामुळे खिचडीनंतर साखर झपाट्याने चढते. उलट निर्जळी किंवा निरंकार उपवासात ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेतले तर साखर धोकादायकपणे उतरू शकते. नवरात्र किंवा श्रावण लागण्यापूर्वी दोन आठवडे एक कॉल केवळ याच विषयासाठी ठेवावा आणि उपवासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची हे लेखी मागून घ्यावे.

सहावी पायरी: गोळ्या आणि इन्सुलिन

घरात असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे टेबलावर मांडून कॅमेऱ्याला दाखवावीत. त्यांत आयुर्वेदिक काढे, शेजाऱ्यांनी दिलेल्या पुड्या आणि सांधेदुखीच्या गोळ्याही आल्या. एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी घेतले जात असल्याचे अशा वेळी अनेकदा लक्षात येते. मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा लगेच नंतर घ्यायची असते आणि ग्लिमेपिराइड नाश्त्याच्या किंवा मुख्य जेवणाच्या आधी. कोणती कोणत्या वेळी हे पाकिटावरच मराठीत लिहून ठेवावे.

इन्सुलिन सुरू झाले असेल तर पहिले इंजेक्शन शिक्षकाच्या नजरेसमोर द्यावे. प्रत्यक्ष भेट उत्तम, ती शक्य नसेल तर व्हिडिओवर. इथे एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची, यू-४० लिहिलेली सिरिंज लागते. काही इन्सुलिन १०० युनिटचे असते आणि त्याला यू-१०० ची, बहुधा नारिंगी टोपणाची, सिरिंज लागते. ४० युनिटचे इन्सुलिन यू-१०० सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर शरीरात फक्त ८ युनिट जातात. १०० युनिटचे इन्सुलिन यू-४० सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर ५० जातात. म्हणून औषधाच्या दुकानातून नवी सिरिंज आणली की कुपी आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवावा आणि होकार येईपर्यंत वापरू नये. इन्सुलिन पेनमध्ये हा घोळ होत नाही. तिथे सुई लावल्यावर दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का ते पाहावे आणि बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई बाहेर काढावी. इंजेक्शनची जागा रोज दोन बोटे सरकवावी. एकाच जागी टोचत राहिल्यास त्वचेखाली गाठ होते आणि तिथे दिलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही.

न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे, बर्फाच्या कप्प्याजवळ कधीही नाही, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. वापरात असलेले इन्सुलिन ऊन टाळून खोलीत साधारण चार आठवडे चालते, मात्र वेष्टनावरची सूचना अंतिम मानावी. फ्रीज नसेल तर पाण्याने ओल्या राखलेल्या मातीच्या भांड्यात, कुपीला पाणी लागणार नाही अशा बेताने ठेवता येते.

सातवी पायरी: साखर उतरली तर काय, याची आधीच तालीम

साखर ७० च्या खाली जाणे, हातपाय थरथरणे, घाम फुटणे, छातीत धडधडणे, अचानक चिडचिड होणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काही झाले तर आधी उपचार करावा आणि मग फोन. तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आकडा ७० च्या वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच घ्यावी आणि आकडा वर आल्यावर काहीतरी खावे. बर्फी किंवा चॉकलेट या वेळी उपयोगाचे नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असणाऱ्यांनी घरातली नेहमीची साखर न वापरता ग्लुकोजच घ्यावे, कारण या गोळ्या नेहमीच्या साखरेचे पचन लांबवतात. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि थेट १०८ ला फोन करावा.

ही तालीम एका कॉलमध्ये घरच्या सर्वांसमोर करावी. ग्लुकोजचा डबा कुठे आहे हे रुग्णाखेरीज आणखी दोघांना ठाऊक असावे. लोकलने कामाला जाणाऱ्यांनी त्याची पुडी डब्याच्या पिशवीत ठेवावी. गर्दीच्या वेळी मुंब्र्याच्या पुढे गाडी अडकली तर ती पुडीच कामाला येते.

आठवी पायरी: प्रत्यक्ष कॉल कसा करावा

पंधरा मिनिटांच्या कॉलसाठी दोनच प्रश्न निवडावेत आणि ते सुरुवातीलाच विचारावेत. शेवटच्या मिनिटाला ‘आणखी एक विचारायचं होतं’ म्हणून जो प्रश्न येतो, बहुधा तोच खरा प्रश्न असतो. डॉक्टरांनी सांगून झाल्यावर ते आपल्या शब्दांत परत सांगावे: ‘म्हणजे रात्रीची गोळी तीच, सकाळची अर्धी, आणि आठवड्याने आकडे पाठवायचे, बरोबर?’ हे थोडे शाळकरी वाटते, पण ऐकण्यातली चूक तिथल्या तिथे सापडते. मात्रेतला कोणताही बदल लेखी घ्यावा. आवाज तुटत असेल तर ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांत गल्लत होते, म्हणून आकडा टाइप करून पाठवायला सांगावे.

पुढील कॉलपर्यंत एकच बदल करायचा ठरवावा. रात्रीच्या जेवणानंतर सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटे चालणे एवढाच निश्चय पंधरा दिवस टिकला, तर वहीतले आकडे स्वतःच बोलतात. तलावपाळीला रोज तासभर फेऱ्या मारण्याचा संकल्प बहुधा दुसऱ्या सोमवारी मोडतो. सततच्या मोजामोजीने आणि पथ्याने जीव विटला असेल, रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर तेही कॉलमध्ये सांगावे. मन मोकळे करण्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा विनामूल्य क्रमांकही आहे.

नववी पायरी: फोन बाजूला ठेवून दवाखाना गाठण्याची वेळ

छातीत दुखणे, दम लागणे, शुद्ध हरपणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे यांसाठी व्हिडिओ कॉलची वाट पाहू नये. साखर ३०० च्या वर असून उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोराचा श्वास चालू असेल तर तेही रुग्णालयाचे काम आहे. ताप किंवा जुलाब-उलट्या असताना काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, पण टाइप-१ च्या रुग्णाने जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन स्वतःहून बंद करणे घातक ठरते. अशा दिवशी काय करायचे ते बरे असतानाच विचारून वहीत उतरवून ठेवावे.

पायांचे पाहणे रोज रात्री घरीच करावे: तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहावा. भेगा, फोड, लालसरपणा दिसला तर फोटो त्याच दिवशी पाठवावा. जखम काळी पडत असेल, तिला वास येत असेल किंवा पू असेल तर फोटोत वेळ न घालवता प्रत्यक्ष जावे. पावसाळ्यात रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे विसरू नये.

वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि पायांतील संवेदना, तसेच तीन ते सहा महिन्यांनी एचबीएवनसी, या गोष्टी कॅमेऱ्यावर होत नाहीत. त्यांच्या तारखा आजच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल पेनाने लिहाव्यात. त्यापुढच्या आठवड्याच्या चौकोनात पुढील व्हिडिओ कॉलची वेळ लिहावी, म्हणजे तपासण्यांचे कागद हातात असतानाच बोलणे होईल.